एकवीस ग्रॅमची पुडी आणि एक लिटर पाणी: ओआरएसचे घरगुती परीक्षण

ज्या वस्तूविषयी मी लिहीत आहे ती औषधाच्या दुकानात वीस-पंचवीस रुपयांना मिळते, आरोग्य उपकेंद्रात आणि आशाताईंकडे फुकट मिळते, आणि तरीही घरात कोणाला जुलाब सुरू झाले की आपला हात तिच्याकडे सर्वांत शेवटी जातो. आधी जायफळ उगाळले जाते, मग डब्यात उरलेली एखादी जुनी गोळी शोधली जाते, मग दुकानदाराला फोन होतो. ओआरएसची (ORS, म्हणजे जुलाबात गेलेले पाणी भरून काढण्यासाठी तोंडाने घ्यायच्या क्षारांची) पुडी, म्हणजे सरकारी भिंतींवर जिला ‘जलसंजीवनी’ म्हणतात आणि दुकानात जिला बहुतेक लोक ‘इलेक्ट्राल’ या एका कंपनीच्या नावानेच मागतात, ती आमच्या घरात दोन पावसाळ्यांत तीन निरनिराळ्या वेष्टनांतून आली. त्यांतल्या दोन वस्तू खऱ्या होत्या आणि एक केवळ नावाची होती. हे परीक्षण त्या तिन्हींचे आहे.

सुरुवात नावापुरत्या वस्तूपासूनच करते, कारण शहाणपण तिच्यामुळे आले. २०२४ च्या श्रावणात माझ्या तीन वर्षांच्या मुलीला पहाटेपासून पाण्यासारखे जुलाब होऊ लागले. दुकानात जाऊन ‘ओआरएस द्या’ म्हटल्यावर समोर आला तो सफरचंदाचे चित्र असलेला, नळी चिकटवलेला दोनशे मिलीचा खोका. त्याच्या नावातच ती तीन अक्षरे होती, त्यामुळे शंका घेण्याचे कारण नव्हते. मुलीनेही तो आवडीने प्यायला आणि दुसरा मागितला. दुपारपर्यंत तीन खोके संपले आणि जुलाब कमी होण्याऐवजी वाढले. संध्याकाळी बालरोगतज्ज्ञांनी रिकामा खोका हातात घेतला, उलटा केला आणि मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवले. हे जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेले ओआरएस नव्हे, असे त्या खोक्यावर खोका बनवणाऱ्यांनीच छापलेले होते. त्याच्या वरच्या ओळीत साखरेचे प्रमाण होते: एका खोक्यात चोवीस ग्रॅमच्या आसपास.

हा आकडा किती मोठा आहे ते खऱ्या पुडीशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, साधे मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते, म्हणजे सगळे मिळून साडेवीस ग्रॅम. दोनशे मिलीच्या वाट्याला यातले ग्लुकोज येते ते पावणेतीन ग्रॅम. माझ्या मुलीच्या पोटात त्याच्या आठ-नऊ पट साखर प्रत्येक खोक्याबरोबर जात होती, आणि मीठ मात्र नाममात्र.

येथे आतड्याचे थोडे सांगायला हवे, कारण ही पुडी काम कशी करते हे कळले की तिच्याविषयीच्या निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात. जुलाबात आतड्याच्या आतल्या अस्तरातून पाणी आणि क्षार बाहेर झिरपत राहतात, आणि नुसते पाणी प्यायले तर ते पुरेसे आत शोषले जात नाही. मात्र त्याच अस्तरात एक दार असे असते की जे सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आले तरच उघडते, आणि ही जोडी आत शिरताना पाण्यालाही आपल्यामागे ओढून नेते. कॉलऱ्यासारख्या भयंकर आजारातसुद्धा हे दार शाबूत राहते. त्यामुळे पुडीतली साखर चवीसाठी नसते आणि शक्तीसाठीही नसते, ती मिठाला आत नेण्यापुरती असते. तिचे प्रमाण बेसुमार वाढवले तर गणित उलटते: आतड्यात उरलेली घट्ट साखर शरीरातले पाणी आपल्याकडे खेचून घेते आणि जुलाब आणखी पातळ होतात. गोड खोक्याने आमच्याकडे हेच केले असणार, असे डॉक्टरांनी सांगितले. तेच सरबताने, शीतपेयाने आणि डबाबंद फळांच्या रसाने होते.

या खोक्यांच्या नावाविरुद्ध हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष अनेक वर्षे झगडत होत्या. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने आदेश काढून खाद्यपेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास मनाई केली. बारीक अक्षरांत सूचना छापली की नाव वापरता येईल, ही जुनी सवलतही त्या आदेशाने काढून घेतली. नाव गेले म्हणून पेय गेले असे मात्र नाही. तेच चित्र, तोच आकार आणि दुकानातली तीच फळी राहिली तर गिऱ्हाईक जुन्या ओळखीवरच हात पुढे करणार. म्हणून दुकानात आता मी पुढची बाजू पाहतच नाही, पुडी पालथी करून ग्लुकोज आणि तीन क्षार अशा चार पदार्थांची यादी आणि ‘एक लिटर’ हे शब्द शोधते. ज्या वेष्टनावर हे चार पदार्थ ग्रॅममध्ये लिहिलेले नाहीत, ते माझ्या लेखी सरबत.

दुसरे वेष्टन म्हणजे एक लिटरची खरी पुडी, आणि तिची खरी परीक्षा झाली ती गेल्या वर्षीच्या आषाढात. अण्णा, म्हणजे माझे एकाहत्तर वर्षांचे वडील, वारीहून एस.टी.ने घरी आले ते थेट संडासातच गेले. ताप नव्हता, रक्त नव्हते, पण त्या रात्रीत दहा-बारा वेळा जाणे झाले आणि सकाळी उठताना त्यांना अंधारी आली. वाटेत कोठल्या मुक्कामी कसले पाणी पोटात गेले याचा हिशेब लाखोंच्या गर्दीत कोण ठेवणार? त्यांच्या पिशवीत वाटेवरच्या आरोग्य पथकाने दिलेली फुकटची पुडी होती, पण ती फोडलेली नव्हती. ‘अगं, ती लहान पोरांची असती,’ हे त्यांचे स्पष्टीकरण.

हा गैरसमज अण्णांपुरता नाही. ही पुडी ज्या प्रसंगात जगापुढे आली तो बालरोगाचा प्रसंगच नव्हता. १९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तियुद्धातून जीव वाचवून आलेले निर्वासित पश्चिम बंगालमधील बनगावच्या छावणीत दाटीवाटीने राहत होते आणि तेथे कॉलरा उसळला. सलाइनचा साठा संपत आला तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांची मापून पाकिटे भरून घेतली, ती पाण्यात विरघळवून पिंपांत भरली आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. छावणीतले मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. लिटरमागे खर्च आला होता अकरा पैसे. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. आपल्या वैद्यकीय इतिहासातले इतके मोठे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी तेव्हाच पहिल्यांदा ऐकले, मीही त्यांतलीच.

पुडीचे रूप आजही तितकेच साधे आहे. आमच्या हाती आलेल्या पुड्या वजनाला एकवीस ग्रॅमच्या आसपास होत्या, आत पांढरी, बारीक मिठासारखी भुकटी. ओल्या हातांनी फाडायला गेले की वेष्टन वाकडे फाटते आणि पाव चमचा भुकटी ओट्यावर सांडते, आणि सांडलेली भुकटी म्हणजे चुकलेले प्रमाण. कात्रीने कापावी हे उत्तम. आमच्या पुड्यांतल्या एकीत गोळे झाले होते. भुकटीचा नुसता गोळा झाला असेल आणि बोटाने तो मोडत असेल तर ती चालते, पण रंग पिवळट-तपकिरी झाला असेल किंवा भुकटी विरघळेनाशी झाली असेल तर ती पुडी टाकून द्यावी. पाण्यात पडल्यावर मोठ्या चमच्याने ढवळले की मिनिटाभरात तळ स्वच्छ होतो.

खरी अडचण पाण्याच्या मापात आहे, आणि या वस्तूचे गुण मी कापते आहे ते येथेच. पुडी एक लिटरसाठी आहे, पण आपल्या स्वयंपाकघरात लिटरचे माप असते कोठे? आईने नेहमीचा पितळी तांब्या पुढे केला आणि ‘हा लिटरचाच आहे’ असे ठामपणे सांगितले. मी तो मापून पाहिला तर गळ्यापर्यंत भरून त्यात साडेसातशे मिली पाणी मावले. म्हणजे वर्षानुवर्षे आमच्याकडे हे पाणी सव्वापटीहून अधिक खारट होत आले होते. याहून वाईट सवय शेजारी पाहिली: एक लिटरची पूर्ण पुडी एका पेल्यात घालून लिंबू-पाण्यासारखी ढवळून पिणे. मोठ्या माणसाला त्याने मळमळ होऊन भागेल, पण तान्ह्या बाळाच्या रक्तात मिठाचे प्रमाण इतके चढू शकते की झटके यावेत. अर्धी पुडी आज आणि अर्धी उद्या हा काटकसरीचा मार्गही खात्रीचा नाही, कारण चारही पदार्थ भुकटीत सारखे पसरलेले असतीलच असे नाही. आमचा उपाय सोपा निघाला. विकतच्या पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली धुऊन ठेवली आहे आणि तिच्या गळ्याशी जाड काळ्या पेनाने रेघ मारली आहे. उकळून गार केलेले पाणी त्या रेघेपर्यंत भरायचे, ते पातेल्यात ओतून त्यात पुडी रिकामी करायची, वर झाकण ठेवायचे. मिसळल्यावर पुन्हा उकळायचे नाही, साखर, दूध किंवा रस घालायचा नाही, आणि चोवीस तासांनी उरलेले ओतून टाकायचे. इतक्या महत्त्वाच्या सूचना आमच्या दोन पुड्यांवर मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत होत्या. गावातल्या आजीने त्या वाचायच्या कशा, हे छापणाऱ्यांनी सांगावे.

चवीविषयी खोटे बोलण्यात अर्थ नाही. अण्णांनी पहिला घोट घेतला आणि म्हणाले, ‘रडल्यावर ओठावर येतं तसं लागतंय.’ त्यांना ठाऊक नव्हते, पण नीट झालेल्या मिश्रणाची ती जुनी पारख आहे: पाणी आसवांहून जास्त खारट लागता कामा नये. तांब्याने मापलेले पहिले पातेले याच कसोटीवर नापास होऊन ओतून दिले गेले. संत्र्याच्या स्वादाच्या पुड्या मिळतात, आणि त्यांतले चार पदार्थ ग्रॅमला ग्रॅम जुळत असतील तर त्या घ्यायला हरकत नाही, मात्र मला त्या स्वादाने उलटी अधिक आठवते. गार केलेले पाणी लहान मुले बरे पितात. अंगात पाणी खरोखर कमी पडलेले असेल तर हेच खारट पाणी माणूस घटाघटा पितो आणि तब्येत सावरली की तोंड वाकडे करतो, हेही दोन्ही आजारांत पाहिले.

किती द्यायचे, याला फार काटेकोर मापाची गरज नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर पन्नास ते शंभर मिली, त्यावरच्या मुलाला शंभर ते दोनशे, आणि दहा वर्षांपुढे मागेल तितके. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करायचे, पण पेल्याने नव्हे, चमच्याने, मिनिटा-दोन मिनिटांनी एकेक. मुलीच्या वेळी मी मांडीवर वाटी घेऊन दीड तास असा चमचा-चमचा भरवत बसले होते. हातातला चमचा जड होतो, मूल किरकिरते, आणि सलाइन लावून मोकळे व्हावे असे शंभरदा मनात येते. त्या दीड तासात दोनदा उलटी झाली, बाकीचे पोटात राहिले. सलाइन लावावे लागले नाही.

अण्णांच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या होत्या. ते रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत होते, आणि अंगातले पाणी आधीच जात असताना तीच गोळी चालू ठेवणे धोक्याचे ठरू शकते. आम्ही डॉक्टरांना फोन केला, त्यांनी ती दोन दिवस थांबवायला सांगितली. ज्यांच्या घरात अशी गोळी किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी पुडी फोडतानाच डॉक्टरांना कळवावे, कारण पुडीत पोटॅशियमही असते. आईची काळजी साखरेची होती, अण्णांना मधुमेहाची सुरुवात आहे. लिटरभर पाण्यातले साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज म्हणजे चहाचे तीन-एक चमचे, आणि तेही दिवसभरात घोटाघोटाने, हे कळल्यावर तिने पातेल्यावरचा हात काढला.

आता या पुडीविषयीची नेहमीची तक्रार: ‘दोन लिटर प्यायलो, तरी जुलाब थांबले नाहीत.’ ही तक्रार खरी आहे आणि तरीही चुकीच्या दारात केलेली आहे. जुलाब थांबवणे हे या पुडीचे काम नाही. बहुतेक जुलाब विषाणूंचे असतात आणि काही दिवसांत आपले आपण आटोपतात. तोवर माणूस सुकू नये, एवढीच तिची कामगिरी आहे. २००२ मध्ये जुने, जास्त मिठा-साखरेचे सूत्र बदलून सध्याचे सौम्य सूत्र आले, त्याने मुलांमधल्या उलट्या कमी झाल्या आणि सलाइनची गरज सुमारे एक तृतीयांशाने घटली, पण तेही काही बूच नव्हे. बूच हवे असणारे लोक जुलाब बंद करणारी गोळी घेतात. ती लहान मुलांना देऊच नये, आणि शीतून रक्त पडत असेल किंवा ताप असेल तर मोठ्यांनीही स्वतःच्या मनाने घेऊ नये, कारण तिने आतड्याची हालचाल मंदावते आणि घाण आतच राहते. जायफळाविषयी मला एवढेच म्हणायचे आहे की त्याने मूल गुंगते हा घरोघरचा अनुभव आहे, आणि गुंगलेले मूल पाणी पीत नाही. प्रतिजैविकांचा निर्णयही डॉक्टरांचा, दुकानदाराचा नव्हे.

दोनशे मिलीची छोटी पुडी हे तिसरे वेष्टन. एका पेल्याला एक पुडी, त्यामुळे मापाची चूक कमी होते आणि उरलेले पाणी ओतून द्यावे लागत नाही. प्रवासात आणि एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला ती फार सोयीची. पण लिटरमागे ती महाग पडते, आणि ‘पेला’ म्हणजे दोनशे मिली हे येथेही ठरवून घ्यावे लागतेच. आमचे फुलपात्र दीडशेचे निघाले.

पुडीच्या जोडीने मुलीला झिंकची गोळीही मिळाली होती. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, चौदा दिवस. गोळी चमचाभर पाण्यात टाकली की फसफसत विरते, चव मात्र धातूसारखी, आणि माझ्या मुलीने पहिली गोळी माझ्या साडीवर थुंकली. तिसऱ्या दिवशी शी घट्ट झाली की बहुतेक घरांत ही पट्टी कपाटात जाते, आमच्याकडेही जाणारच होती. पण झिंकचा उपयोग या जुलाबांपुरता नसतो, पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यताही त्याने कमी होते, म्हणून चौदा दिवस पुरे करायचे असतात. सरकारी केंद्रात पुडीबरोबर हीही फुकट मिळते, मागावी मात्र लागते.

पुडी हाताशी नसेल तर काय, या प्रश्नाचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे, फक्त ते सैल हाताने देऊ नये. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, पोह्यांचा नव्हे, कारण पोह्यांच्या चमच्याने मीठ घातले तर गोष्ट भलतीकडेच जाते. यात पोटॅशियम आणि सायट्रेट नसते, त्यामुळे पुडी येईपर्यंतची ही सोय. मीठ घातलेली तांदळाची पेज, पातळ ताक, वरणाचे पाणी ही आपली जुनी मंडळी याच कामाची आहेत. बाळ अंगावर पीत असेल तर ते मुळीच थांबवायचे नाही, आणि मोठ्यांनाही उपाशी ठेवायचे नाही. अण्णांनी दुसऱ्या दिवशी मऊ भात आणि दही खाल्ले, तिसऱ्या दिवशी भाकरी मागितली.

काही वेळा मात्र पुडी पुरी पडत नाही आणि तिच्यावर विसंबून थांबणे चूक ठरते. मूल सुस्त पडले, पाणी ओठाला लावले तरी पीत नाही, रडताना डोळ्यांत पाणी येत नाही, डोळे किंवा टाळू खोल गेली, सहा-सात तास लघवी नाही, पोटावरची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर हळूहळू पूर्ववत होते, शीतून रक्त जाते, किंवा तांदळाच्या धुवणासारखे जुलाब धो-धो होत राहतात, अशा वेळी दवाखाना गाठावा, आणि वाटेतही चमचा चालू ठेवावा.

गुण द्यायचेच तर लिटरच्या पुडीला पाचपैकी साडेचार, अर्धा गुण मापाच्या अडचणीसाठी आणि मापाच्या सूचनांच्या त्या बारीक अक्षरांसाठी कापला. छोट्या पुडीला चार. खोक्याला गुण नाहीत. मुलीच्या शाळेच्या सहलीसाठी आता दोन छोट्या पुड्या तिच्या बॅगेत असतात, आणि अण्णांच्या वारीच्या पिशवीत टाळांच्या खाली मी यंदा चार मोठ्या पुड्या, एक कात्री आणि रेघ मारलेली ती बाटली आताच ठेवून दिली आहे. बाटली पाहून ते म्हणाले, ‘हिच्यात तुळशीला पाणी घालता येईल.’

म्हणून दुसरीही एक बाटली ठेवली आहे.